कात्रणाखालची ओळ

मी ग्रंथालयात लागले २००४ साली, आणि पहिल्याच आठवड्यात मला जे काम सगळ्यात जास्त आवडलं ते माझ्या ऑर्डरमध्ये कुठेच नव्हतं. ते काम मामांचं होतं. मामा म्हणजे आमचे ग्रंथालय परिचर, सगळं विद्यापीठ त्यांना मामाच म्हणायचं, कुलगुरूसुद्धा. सकाळी वाचन कक्ष उघडला की ते आदल्या दिवशीचे पेपर घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे, लाल पेन्सिलीनं खुणा झालेल्या असायच्या, आणि मग कात्री न वापरता स्टीलची फूटपट्टी दाबून धरून एका झटक्यात बातमी फाडून काढायचे, कड अशी सरळ यायची की बघत राहावं. प्रत्येक पेपरच्या दोन प्रती यायच्या, एक बाइंडिंगला आणि एक कात्रणांना, कारण एका पानाच्या पुढे एक कामाची बातमी आणि नेमकी मागे दुसरी असं बऱ्याचदा व्हायचं.

चिकटवायला मैद्याची खळ. ती मामा स्वतः शिजवायचे आणि त्यात मोरचूद टाकायचे, कसर लागू नये म्हणून, त्यामुळे खळ जराशी निळसर दिसायची आणि मोरचूद विषारी, म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात हात लावू नये असं लिहिलेलं. बाजारात डिंकाच्या बाटल्या मिळत होत्या, पण मामा म्हणायचे डिंक दहा वर्षांत पान पिवळं करतो, खळ करत नाही. मी त्यांच्या चिकटवलेल्या १९८६ च्या फाइली बघितल्यात, अजून पानं सुटलेली नाहीत.

आणि कात्रण चिकटवून झालं की शेवटचं काम. खाली एक ओळ. निळ्या शाईत, पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान नंबर. ही ओळ लिहिल्याशिवाय मामा खळीच्या डब्याला झाकण लावायचे नाहीत. मी एकदा घाईत दोन कात्रणं ओळ न लिहिता फाइलला लावली तर त्यांनी ती काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली, काही बोलले नाहीत, पेन पण शेजारीच ठेवला.

आज मी जे काही करते, म्हणजे ग्रंथालयाचं ऑनलाइनचं सगळं काम, चॅनलवर काय टाकायचं, कुठली बातमी द्यायची, कुठली लिंक द्यायची, कुठली अजिबात द्यायची नाही, ते सगळं त्या ओळीवरून शिकलेय. लोक विचारतात मॅडम तुम्ही सोशल मीडियाचा कोर्स वगैरे केलाय का. नाही केला. मी मामांच्या शेजारी बसले होते.

तेव्हा आमच्याकडे दारातच एक काचेचा फलक होता. त्यावर रोज पाच-सहा कात्रणं, एका बाजूला नवीन आलेल्या पुस्तकांची जॅकेटं, आणि खाली नोकरीच्या जाहिराती. त्या फलकासमोर कायम गर्दी. एमपीएससीची पोरं वहीत उतरवून घ्यायची, प्राध्यापक जाता जाता थांबायचे, आणि हॉस्टेलवरच्या मेसचा माणूस रोज येऊन सगळा फलक वाचून जायचा, तो विद्यार्थी नव्हता, कर्मचारी पण नव्हता, पण त्याला कोणी कधी हटकलं नाही. ग्रंथालयाचं मीडिया म्हणा, न्यूज फीड म्हणा, जे काय म्हणायचं ते तेवढंच होतं आणि ते चालत होतं.

मग २०२० चा मार्च आला. कुलूप लागलं. फलकासमोर कोणीच नाही आणि पोरं गावाकडे, कोणाचं पुस्तक आमच्याकडे अडकलेलं तर कोणाची आमच्याकडून नेलेली पुस्तकं हॉस्टेलच्या खोलीत बंद. आम्ही घाईघाईत व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढला. तेव्हा ग्रुपमध्ये २५६ च माणसं बसायची, दोन दिवसांत भरला, दुसरा काढला, तो भरला, मग टेलिग्रामवर गेलो. आणि पहिल्याच आठवड्यात ज्या गोष्टीची मला धास्ती होती तीच झाली, पुस्तकांच्या पीडीएफचा पूर. स्कॅन केलेली, फोन वर धरून फोटो काढलेली, अर्धवट, उलटी, काही काही तर लेखकाच्या सहीची प्रत कोणीतरी स्कॅन केलेली. आणि टाकणारे सगळे चांगल्या मनानं टाकत होते, हे मला मुद्दाम सांगायचंय. पोरं अडलेली होती.

पण आम्ही ग्रंथालय आहोत. आम्ही ते चालू दिलं असतं तर लेखकाला काय तोंड दाखवणार होतो? भारतातला कायदा साधा आहे, लेखक गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे. म्हणजे साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं झालं. अत्रे १९६९ ला गेले, त्यांचं २०३० मध्ये होईल. पुलं २००० साली गेले, तर २०६० संपेपर्यंत थांबायचं. हे मी ग्रुपवर असंच्या असं लिहिलं, नावं आणि सालं घालून, आणि सोबत जे आज कायद्यानं मोकळं आहे त्याचे पत्ते दिले. केतकरांचा ज्ञानकोश ऑनलाइन आहे. मराठी विश्वकोश आहे. विकिस्रोत आहे. नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, खरगपूरच्या आयआयटीनं उभी केलेली. काही पोरं चिडली, एकानं लिहिलं की मॅडम परीक्षा तोंडावर आहे आणि तुम्ही कायदा शिकवताय. त्याला मी फोन केला, त्याला जे प्रकरण हवं होतं ते प्रकाशकाकडून परवानगी काढून पाठवलं, चार दिवस लागले. चार दिवस त्याच्यासाठी खूप होते, मला कळत होतं ते.

त्याच सुमारास परीक्षा पुढे ढकलल्याचं एक परिपत्रक फिरायला लागलं. लेटरहेड बरोबर, बोधचिन्ह बरोबर, भाषा अगदी सरकारी, सही पण. रात्री अकराला माझा फोन वाजायला लागला तो दीडपर्यंत. मी ते नीट बघितलं आणि मला मामांची ओळ आठवली, कारण कागदावर जावक क्रमांकच नव्हता. कुठलंही खरं परिपत्रक जावक रजिस्टरला नोंदल्याशिवाय बाहेर पडत नाही, त्यावर जा.क्र. असतो, दिनांक असतो, संदर्भ असतो, खाली प्रती कोणाकोणाला ते असतं. इथं वर तारीख एक आणि मजकुरातली तारीख भलतीच. सकाळी परीक्षा विभागाकडून खात्री केली, खोटंच निघालं. मग आम्ही त्या खोट्या परिपत्रकाशेजारी एक खरं ठेवलं, जुनं, आणि जावक क्रमांकाभोवती लाल गोल काढून टाकलं. बास. दुसरं काही लिहिलं नाही. त्यानंतर पोरं स्वतःच विचारायला लागली, हे आलंय पण ह्याच्यावर जा.क्र. नाहीये मॅडम, खरं आहे का. कोणत्याही कार्यशाळेनं झालं नसतं ते त्या लाल गोलानं झालं.

आता जरा मनातलं बोलते. ग्रंथालयांची पानं, चॅनलं, खाती मी बघत असते, आपली आणि इतरांची, आणि बहुतेक ठिकाणी काय दिसतं तर शुभेच्छा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन ह्यांची जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मध्ये दसरा-दिवाळी, आणि कार्यक्रमाचे फोटो, दीपप्रज्वलन, हार, पुन्हा दीपप्रज्वलन. त्यात वाईट काही नाही. पण रंगनाथनांनी १९३१ साली जी पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा, आणि त्यांच्या फोटोला हार घातलेलं चित्र ज्याला उघडून बघावं लागतं त्या पोराचा वेळ आपण घेतोय. त्यांना हार आवडला असता की ती पोस्ट बघून कोणालातरी हवं ते सापडलेलं आवडलं असतं, ह्याचं उत्तर आम्हा ग्रंथपालांना माहीत आहे.

मला हे एका मुलीनं शिकवलं. पीएचडी करत होती, घर विद्यापीठापासून सत्तरेक किलोमीटरवर, घरी लहान बाळ. ती दर शनिवारी एसटीनं यायची, ग्रंथालयाच्या पायरीवर बसायची, आमचं वायफाय घ्यायची, आठ-दहा शोधनिबंध उतरवून घ्यायची आणि चारच्या गाडीनं परत. मला वाटायचं अभ्यासाला येते. एक दिवस पाऊस होता म्हणून आत बोलावलं तेव्हा कळलं की तिला वाटत होतं ती नियतकालिकं फक्त विद्यापीठाच्या नेटवरच उघडतात. घरून उघडायची सोय होती, इन्फेडचं लॉगिन, आम्ही ते दोन वर्षांपूर्वीच चालू केलेलं, नोटीस पण लावलेली, वेबसाइटवर टाकलेली, इंग्रजीत, सतरा ओळींची, रिमोट अॅक्सेस असं शीर्षक. तिनं ती नोटीस वाचली होती! तिला वाटलं ते परदेशात असलेल्यांसाठी आहे. दोन वर्षं, दर शनिवारी, जाऊन-येऊन चार तास. माझा त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी बसून मी ते मराठीत लिहिलं. घरी बसून जर्नल कसं उघडायचं. पहिलं हे दाबा, मग इथं आपल्या विद्यापीठाचं नाव निवडा, मग हा पासवर्ड, पासवर्ड नसेल तर ह्या काउंटरला सकाळी दहा ते पाच फोन करा. सोबत माझ्या आवाजात दोन मिनिटांची क्लिप, कारण बसमध्ये वाचणं होत नाही, ऐकणं होतं. आमच्या सगळ्या पोस्टींमध्ये तीच सगळ्यात जास्त वेळा पुढे गेलीय, अजून फिरते, दुसऱ्या विद्यापीठांतली पोरं फोन करतात, मॅडम आमच्याकडे कुठला पासवर्ड. आणि आता तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, म्हणजे नियतकालिकांची सगळ्यांसाठी मिळून एकच वर्गणी, नोव्हेंबर २०२४ ला केंद्राच्या मंत्रिमंडळानं मंजूर केलं, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, सरकारी विद्यापीठं, सरकारी महाविद्यालयं, संशोधन संस्था, सहा हजारांच्या वर संस्था त्यात आल्या. केवढी मोठी गोष्ट आहे ही. ज्या एका जर्नलची वर्गणी भरता भरता आमचं अर्धं बजेट जायचं ते आता तालुक्याच्या सरकारी कॉलेजात बसून उघडतं. पण त्या कॉलेजातल्या पोराला कोणी सांगितलंय का? त्याच्या भाषेत? सहा हजार कोटींच्या दारापर्यंतची शेवटची दहा पावलं ग्रंथालयानंच सोबत चालायची असतात, आणि ती दोन मिनिटांच्या क्लिपनं चालता येतात.

ग्रंथालयानं ऑनलाइन काय करावं ह्याचं माझ्या डोळ्यापुढचं सगळ्यात सुंदर उदाहरण तर मराठी मुलखातलं नाहीच, शिकागोचं आहे. शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियातल्या भाषांचे शब्दकोश ऑनलाइन ठेवलेत आणि त्यात आपला मोल्सवर्थ आहे, १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझ्यांचा आहे, आणि जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस. फुकट. लॉगिन नाही. मराठीत नेटवर लिहिणारा-वाचणारा कोणीही घ्या, अनुवादक, पत्रकार, कोडी सोडवणारे, त्यांनी तो मोल्सवर्थ कधी ना कधी उघडलेला असतो. मी गेली पंधरा-सोळा वर्षं उघडतेय. शब्द टाकला की अर्थ येतो आणि सोबत पान नंबर येतो. पान नंबर! छापील कोशाच्या कुठल्या पानावर तो शब्द आहे ते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मामांना बोलावून दाखवलं होतं, हे बघा, तुमची ओळ शिकागोलाबी लिहितात. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, बरोबर हाय की.

आता ज्या गोष्टीनं मला खरंच झोप लागत नाही तिच्याकडे येते. एका मुलाला माहितीपर लेखासाठी २००३ सालच्या एका आंदोलनाच्या बातम्या हव्या होत्या. मी म्हटलं सोपं आहे, तेव्हा मराठी पेपरांच्या वेबसाइट होत्या, बघू. लिंक सापडली पण उघडेना. मग जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये घातली, तिथे पान निघालं, आम्ही दोघं खूश, आणि पान उघडलं तर मराठीचं एक अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर छत्र्या, टिंबं, मध्येच पौंडाची खूण, मध्येच प्रश्नचिन्ह. कारण तेव्हा युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षरं तशीच दिसावीत म्हणून ठरलेली एकच पद्धत, रुळलेलं नव्हतं, ज्याचा त्याचा स्वतःचा फॉन्ट होता, आधी फॉन्ट उतरवून घ्या मग बातमी वाचा असं वर लिहिलेलं असायचं, ज्यांना आठवतंय त्यांना आठवत असेल. तो फॉन्ट गेला, बातमी मुकी झाली. तो मुलगा म्हणाला, मॅडम हे कुठल्या भाषेत आहे? मी म्हटलं मराठीत.

बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण ६ जानेवारी १८३२ ला निघालं. दर्पणमधला मजकूर आज मला वाचता येतो, काहीही उतरवून घ्यावं लागत नाही, चष्मा पुरतो. आणि २००३ ची बातमी, माझ्या नोकरीच्या आदल्या वर्षीची, वाचता येत नाही. शोधगंगा, म्हणजे विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध जिथे ऑनलाइन ठेवतात, तिथले जुने मराठी प्रबंध बघा, हाच घोळ, स्कॅन केलेलं पान डोळ्यांना दिसतं पण शोधून सापडत नाही, कारण मशीनला ती अक्षरं नसून चित्रं आहेत, आणि जे टाइप केलेले आहेत त्यांतले कितीतरी जुन्या फॉन्टमधले. विद्यापीठात कोणीतरी चार-पाच वर्षं घासून लिहिलेला प्रबंध सगळ्या जगासमोर ठेवलाय आणि तरी तो कोणाला सापडत नाही.

बरं हे फक्त फॉन्टचं नाही. प्यू नावाच्या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रानं २०२४ मध्ये मोजलं, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. शंभरातली अडतीस. आपल्या ग्रंथालयात शंभर पुस्तकं ठेवली आणि दहा वर्षांनी अडतीस गायब असती तर चौकशी समिती बसली असती. ऑर्कुट २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस २०१९ ला, त्यावर मराठीत किती लिहिलं गेलं होतं, गझला, वाद, गावाकडच्या आठवणी, पाककृती, ते आता कुठे आहे. छापील पुस्तकाचं बरं असतं, १९५४ चा कायदा आहे, पुस्तक निघालं की तीस दिवसांत प्रकाशकानं ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईतलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. १९५६ ला त्यात वर्तमानपत्रं पण घातली. पण तो कायदा छापलेल्या कागदाबद्दल बोलतो. जे मराठी कधी छापलंच गेलं नाही, जे फक्त पडद्यावर जन्मलं, ते सांभाळायची जबाबदारी त्यात कोणावरच नाही. ब्रिटननं २०१३ पासून कायद्यानं वेबसाइटी पण जमा करायला घेतल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तर २०१० साली सगळंच्या सगळं ट्विटर साठवायचं ठरवलं होतं, झेपलं नाही, २०१८ पासून निवडून निवडून घेतात. म्हणजे सगळं साठवणं होत नाही हे मलाही कळतं. पण निवडून? एका जिल्ह्याचं? एका विद्यापीठानं आपल्या परिसरातल्या लिहिणाऱ्यांचं? हे करता येतं आणि हे आपलंच काम आहे असं मला वाटतं, दुसरं कोणी करणार नाही. गावाच्या यात्रेचा इतिहास एखाद्या निवृत्त गुरुजींनी फेसबुकवर वीस भागांत लिहिलेला असतो, खाली दोनशे लोकांनी आपापल्या आठवणी लिहिलेल्या असतात, गुरुजी गेले, मुलानं खातं बंद केलं, संपलं.

आम्ही एवढंच करतो की आता कुठलीही बातमीची लिंक द्यायची तर आधी ती इंटरनेट आर्काइव्हवर जतन करून ठेवतो आणि दोन्ही पत्ते देतो, मूळ आणि जतन केलेला. आणि पोस्टखाली ओळ. कुठल्या माध्यमात आली, कोणत्या तारखेला, आम्ही कोणत्या तारखेला बघितली. कारण वेबवरची बातमी सकाळी एक असते आणि संध्याकाळी शीर्षक बदललेलं असतं. जे फॉरवर्ड ह्या ओळीशिवाय येतं ते आम्ही पुढे पाठवत नाही, मग ते कितीही छान असो. कुसुमाग्रजांच्या नावानं, वपुंच्या नावानं काय काय फिरतं तुम्हाला माहितीय. कोणी विचारलं तर आम्ही त्यांचे संग्रह काढून बसतो आणि शोधतो, सापडलं तर पान नंबर देतो, नाही सापडलं तर आमच्याकडच्या ह्या ह्या पुस्तकांत सापडलं नाही असं लिहितो. दुसऱ्या प्रकारची उत्तरं जास्त जातात.

ह्या सगळ्यात मामांच्या फाइली मागे कपाटात होत्या. मामा २०१५ ला निवृत्त झाले, नंतर कात्रणं बंदच झाली, ऑनलाइन मिळतं ना सगळं असं बैठकीत ठरलं. मीही तेव्हा काही बोलले नाही.

मग दोन वर्षांपूर्वी समाजशास्त्राची एक मुलगी आली, किल्लारीच्या भूकंपानंतर उठवलेल्या गावांवर काम करत होती. आमचा भाग तोच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं, माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. तिनं नेटवर शोधलं तर हाती काय लागलं, वर्धापनदिनाचे लेख, पंचवीस वर्षं झाली तीस वर्षं झाली. त्या आठवड्यातलं काही नाही. कसं असेल, भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. मी तिला मागच्या कपाटाकडे नेलं. तीन जाड फाइली, भूकंप १, भूकंप २, भूकंप ३, चारशेच्या वर कात्रणं, कुठल्या गावात काय झालं, कोणी किती तंबू दिले, नवं गाव कुठे बसवायचं ह्यावरची भांडणं, वाचकांची पत्रं. ती तिथेच फरशीवर बसली.

ते स्कॅन करून ऑनलाइन टाकायचा मोह झाला होता. पण ते मजकूर पेपरांचे आहेत, आमचे नाहीत. म्हणून आम्ही फक्त सूची केली, बातमीचं शीर्षक, गावाचं नाव, पेपर, तारीख, पान, आमचा फाइल नंबर, मूळ बघायला या. चार विद्यार्थ्यांनी तीन महिने बसून टाइप केली, सगळी युनिकोडमध्ये, गावाच्या नावानं शोधता येईल अशी, आणि चॅनलवर टाकली.

पाच-सहा दिवसांनी पुण्याहून एका बाईंचा फोन. चाळिशीच्या असतील. भूकंपात घरचे गेले, त्या वसतिगृहात वाढल्या, पुढे तिकडेच नोकरी, लग्न. त्यांनी सूचीत आपल्या गावाचं नाव टाकून शोधलं होतं आणि सात नोंदी निघाल्या होत्या. त्या रविवारी आल्या, नवऱ्यासोबत. रविवारी ग्रंथालय अर्धा दिवस असतं, मी थांबले. पाचव्या कात्रणात एक फोटो होता, पेपरातला तो भुरकट ठिपक्यांचा फोटो, मारुतीचा पार आणि मागे अर्धी उभी भिंत. जुनं गाव आता नाहीच, नवं गाव दुसरीकडे बसलं, त्यांच्याकडे जुन्या गावाचा एकही फोटो नव्हता. त्या खूप वेळ बघत होत्या. मग पाराच्या डाव्या बाजूला बोट ठेवून नवऱ्याला म्हणाल्या, इथनं तिसरं आमचं. तिथं फोटोत काहीच नव्हतं, फोटोची कड होती. मग त्यांनी खालची निळी ओळ वाचली, मोठ्यानं, पेपरचं नाव, पुणे आवृत्ती, तारीख, पान ३, आणि विचारलं हे कुणी लिहिलंय. मी सांगितलं. त्यांनी फोनवर फोटो काढला तो ओळीसकट काढला.

हे मी मामांना कळवलं, त्यांच्या नातवाच्या फोनवर सूची पण पाठवली. उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. आवाज थकलाय आता. म्हणाले, "मॅडम, नातवाकडून वाचून घेतलं सगळं. पुण्याच्या पेपरच्या तारखा चुकल्यात." मी म्हटलं कुठल्या? "सगळ्याच. पुण्याचा पेपर आपल्याकडं दुसऱ्या दिवशी यायचा, एसटीनं. एक तारखेचा पेपर दोन तारखेला आला होता, मीच स्टँडवरनं आणला, लई गर्दी होती. तुमी दोन लिवलंय. ती आपल्या शिक्क्याची तारीख हाय, पेपरची न्हाई."

मी फाइल काढली. प्रत्येक कात्रणाच्या कोपऱ्यात आमचा गोल शिक्का, आवक तारखेचा, जांभळा, ठसठशीत. आणि खाली निळी शाई, तीस वर्षांत फिकी झालेली. पोरांनी जी तारीख स्पष्ट दिसली ती घेतली होती. कोणी त्या सूचीवरून लिहिलं असतं तर पुण्याच्या पेपरांनी भूकंपाची बातमी एक दिवस उशिरा छापली असं झालं असतं, आणि ते आमच्या नावानं फिरलं असतं.

त्या दिवशी भिंग घेऊन आम्ही पाच जण बसलो, पुण्या-मुंबईच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या, शंभराच्या वर निघाल्या. संध्याकाळी चॅनलवर दुरुस्ती टाकली, कुठल्या नोंदी चुकल्या होत्या, का चुकल्या, आता काय केलंय, आणि चूक कोणी दाखवली, मामांना विचारून त्यांचं नाव घालून. त्या पुण्याच्या बाईंना मी वेगळा फोन केला, कारण त्यांनी घरी गेल्यावर सूचीतली तारीख कुठे लिहून ठेवली असली तर. त्या म्हणाल्या, नाही हो, मी खालची ओळच लिहून घेतलीय.